अजिंठ्याच्या घाटातील सराया : फर्दापूर आणि मुघल राजरस्ता

छत्रपती संभाजीनगरहून उत्तरेला निघालेला रस्ता फुलंब्री आणि सिल्लोड मागे टाकून अजिंठा गावाशी पठाराच्या कडेला येतो आणि तेथून घाटाची वळणे उतरून फर्दापूरला पोहोचतो. फर्दापूरच्या पुढे वाघूर नदीचे पाणी तापीकडे जाते, अजिंठ्याच्या मागे राहिलेल्या पठारावरचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे या घाटात केवळ एक चढ नाही, तर दख्खनचे पठार आणि खानदेश यांची शीव आहे. या शिवेच्या दोन्ही टोकांना, घाटमाथ्यावर अजिंठ्यात आणि पायथ्याशी फर्दापुरात, मुघल काळातील एकेक सराई आहे. सराई म्हणजे वाटसरूंना जनावरांसह रात्रीपुरता आसरा मिळावा म्हणून राजरस्त्यावर बांधलेले तटबंद मुक्कामाचे ठिकाण. फर्दापूरची सराई आणि तेथील मशीद औरंगजेबाच्या नावावर सांगितली जाते. अजिंठ्याच्या लेण्यांवर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले गेले असले, तरी लेण्यांपासून जेमतेम तासाभराच्या चालीवर असलेल्या या वास्तूकडे अभ्यासकांनी ओझरतेच पाहिले आहे. त्याचे एक कारण असे, की सराईत शिल्प नाही, चित्र नाही, कोणा राजपुरुषाची कबर नाही. तिचे मोल तिच्या भिंतींइतकेच तिच्यापुढून जाणाऱ्या रस्त्यात आहे आणि रस्ता वगळून ती पाहिली तर हाती फारसे काही लागत नाही.

हा रस्ता महत्त्वाचा झाला तो शहरामुळे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. पुढे तिचे फतेहनगर झाले आणि औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा १६५३ च्या सुमारास तिला औरंगाबाद हे नाव मिळाले; तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. दख्खनच्या सुभ्यांचा कारभार येथून चालू लागल्यावर आग्रा आणि औरंगाबाद या दोन शहरांमध्ये फौजा, खजिना, हुकूम, बातम्या आणि माल यांची ये-जा अखंड सुरू झाली. या वाटेवरचे सर्वांत मोठे ठाणे बुऱ्हाणपूर होते. उत्तरेकडून येणारा माणूस नर्मदा ओलांडून असीरगडाच्या खालून बुऱ्हाणपुरास येई, तापी उतरे आणि खानदेशच्या सपाटीवरून अजिंठ्याच्या डोंगराला भिडे. छत्रपती शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्याला जाताना औरंगाबादेत थांबले होते. औरंगजेब स्वतः १६८१ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरास आला आणि १६८२ च्या मार्चमध्ये औरंगाबादेस पोहोचला. अर्थात बादशहाला सराईची गरज नव्हती. त्याचे डेरे एक मुक्काम पुढे ठोकलेले असत आणि लष्कराची छावणी हेच एक फिरते शहर असे. सराई होती ती त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या लोकांसाठी : व्यापारी, कारकून, डाक नेणारे हरकारे, नोकरीच्या शोधात दक्षिणेकडे निघालेले शिपाई, त्यांची बायकामुले, हज किंवा उरुसाला चाललेले भाविक.

औरंगजेबाच्या कारकिर्दीतील फारसी तवारिखांत, म्हणजे दरबारी इतिहासग्रंथांत, या रस्त्याविषयीचा एक हुकूम नोंदलेला आहे. औरंगाबाद ते आग्रा आणि लाहोर ते काबूल या दोन मार्गांवर ज्या मुक्कामांना सराई नाही, तेथे सरकारी खर्चाने दगड-विटांची प्रशस्त सराई बांधावी, तिला बाजार, मशीद, पक्की विहीर आणि हमाम जोडावा आणि जुन्या सराया मोडकळीस आल्या असतील तर त्यांची डागडुजी करावी, असा त्याचा आशय आहे. साम्राज्याच्या साऱ्या रस्त्यांतून हे दोनच मार्ग निवडले गेले, यातच त्यांची लष्करी निकड दिसते. एक मार्ग अफगाण सरहद्दीकडे जातो, दुसरा दख्खनच्या युद्धाकडे. कल्पना मात्र औरंगजेबाची नव्हे. शेरशाह सुराने सोळाव्या शतकात आपल्या हमरस्त्यांवर दर दोन कोसांना सराई उभारली, तिच्यात हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची सोय वेगवेगळी ठेवली, असे त्याचा चरित्रकार सांगतो. जहांगीरने १६०५ मध्ये गादीवर येताच काढलेल्या बारा हुकमांतही चोरांचे भय असलेल्या निर्जन वाटांवर सराई, मशीद आणि विहीर बांधून वस्ती वाढवण्याचा आदेश होता. मुघल राज्यकर्त्यांच्या दृष्टीने सराई हा दानधर्म होता, तसाच तो रस्ता ताब्यात ठेवण्याचा उपायही होता आणि यांपैकी दुसरा हेतू अजिंठ्याच्या घाटात जास्त ठळकपणे जाणवतो.

सपाटीवरच्या रस्त्यावर दोन सरायांमधले अंतर एका मजलेचे असते. मजल म्हणजे लादलेल्या जनावरांसह एका दिवसात होणारी चाल, साधारण आठ-दहा कोसांची. अजिंठा आणि फर्दापूर यांच्यामध्ये एवढे अंतर नाही, तीन-चार कोसांतच ते आटोपते. तरीही दोन्ही ठिकाणी सराई लागली याचे उत्तर घाटात आहे. लादलेला बैल किंवा उंट चढ चढण्यापूर्वी विसावलेला असावा लागतो, चढून आल्यावर त्याला पुन्हा दाणापाणी लागते आणि झाडीचा, वाघांचा व वाटमारीचा घाट अंधारात ओलांडण्याचे धाडस कोणी करत नाही. तिसऱ्या प्रहरी पायथ्याशी पोहोचलेल्या तांड्याने रात्र फर्दापुरात काढावी, पहाटे घाट चढावा आणि ऊन तापण्याआधी माथा गाठावा. उलट दिशेने येणाऱ्याने अजिंठ्यात थांबावे, असा हा हिशेब दिसतो. मोजून दिलेल्या कोसांपेक्षा जनावराच्या दमाचा विचार येथे प्रमाण धरला गेला.

मुघल सराईची बांधणी ठरीव असते आणि फर्दापूरची सराई त्याच घाटणीची आहे : उंच दरवाजा, आत मोकळे आवार, आवाराच्या कडेने कमानदार ओवऱ्यांच्या रांगा आणि प्रवाशांसाठी मशीद. बाहेरून पाहणाऱ्याला अशी वास्तू छोट्या भुईकोटासारखीच वाटते. बाहेरची भिंत जाड आणि बहुधा बिनझरोक्याची, कोपऱ्यांना बुरूज, वरती चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरची दातेरी रांग, आणि आत शिरायला एक किंवा समोरासमोर दोन दरवाजे. दरवाजा हा साऱ्या इमारतीतील सर्वांत दिमाखदार भाग, कारण दुरून येणाऱ्या वाटसरूला तोच आधी दिसावा लागतो. परंतु त्याची खरी कामगिरी कमानीच्या आत सुरू होते. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात, म्हणजे भिंतीत कोरल्यासारखे उंच जोत्याचे कोनाडे, जेथे बसलेल्या माणसाची नजर आत येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पडते. अंबारीचा हत्ती किंवा लादलेला उंट सहज जाईल एवढी कमानीची उंची ठेवलेली असते, तर रात्री एखाद्या उशिरा आलेल्या हरकाऱ्यासाठी मोठ्या फळीतला दिंडी दरवाजा उघडला की काम भागते.

आतील ओवरी हा सराईचा मूळ घटक. फारसी कागदपत्रांत तिला हुजरा म्हणतात. समोर उघडी कमानदार पडवी आणि तिच्या मागे एक अंधारी खोली, अशी तिची साधी रचना असते. पडवीत चूल मांडायची, ओझी उतरवायची, उजेडात हिशेब करायचे. मागच्या खोलीत माल ठेवायचा आणि झोपायचे. छत सपाट न ठेवता विटांच्या कमानीवर तोललेले असते, कारण दगडमातीच्या पठारावर लांब तुळयांचे लाकूड महाग आणि लाकडाला आगीचे व वाळवीचे भय. जोते आणि भिंतींचा खालचा भाग काळ्या दगडाचा, वरचा कमानभाग विटांचा व चुन्याचा, ही दख्खनमधील मुघल बांधकामाची रूढ वाटणी आहे. दगड ओझे पेलतो, वीट वळण घेते. एका ओवरीची कमान शेजारच्या कमानीला रेटते आणि रांगेच्या टोकाचा बुरूज हा सारा रेटा अडवतो, म्हणून ओवऱ्या सुट्या न बांधता सलग रांगेत बांधणे हे स्वस्त आणि भक्कम दोन्ही ठरते. अशा रांगेतील मधलीच एखादी ओवरी पाडली गेली, तर शेजारच्या कमानींना तडे जातात. पडक्या सरायांत हे दृश्य सर्वत्र दिसते आणि त्याचा दोष काळापेक्षा दगड-विटा काढून नेणाऱ्या माणसांकडे अधिक जातो.

या खोल्या सुखाच्या होत्या असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरास उतरला, तेव्हा कोतवालाने त्याला सराईत चार खोल्या दिल्या. भिंतीत विटांनी बांधलेल्या, माथ्यावर गोलाकार आणि भट्टीएवढ्याच असलेल्या त्या खोल्या पाहून तो इतका वैतागला, की त्याने सरळ आपले तंबू ठोकले. रोचा वैताग एका राजदूताचा होता आणि तो मानापमानाच्या हिशेबात बुडालेला होता, हे लक्षात ठेवायला हवे. उन्हाळ्यात दिवसभर चाललेल्या व्यापाऱ्याला त्याच जाड भिंतींचा गारवा आणि त्याच बिनझरोक्याच्या खोलीची सुरक्षितता हवीशी वाटत असणार. रोच्या भेटीनंतर तीनच वर्षांनी, १६१८ मध्ये, बुऱ्हाणपुरात अकबरी सराई उभी राहिली आणि फर्दापूरच्या सराईचे मोठे भावंड म्हणून आजही तिच्याकडे बोट दाखवता येते.

सराईचा दिनक्रम इटालियन प्रवासी निकोलाओ मनुची याने बारकाईने सांगितला आहे. सूर्यास्ताला दरवाजे बंद होत आणि ते बंद करणारा अंमलदार सर्वांना बजावून सांगे, की आपापल्या वस्तूंवर नजर ठेवा आणि घोडी नीट बांधा. सकाळी दरवाजे उघडण्यापूर्वी पहारेकरी तीनदा मोठ्याने पुकारा करी, की ज्याने त्याने आपले सामान तपासून घ्यावे. कोणाचे काही गेले असल्याची तक्रार आली, तर चोरीचा माल सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. मनुचीच्या अंदाजाने एकेका सराईत आठशे ते हजार माणसे, घोडे, उंट आणि गाड्यांसह मावत. फर्दापूरसारख्या गावातली सराई या आकड्याला पोहोचत असो वा नसो, एवढी गर्दी एका आवारात बंद करून ठेवायची तर दरवाजे एक-दोनच का, बाहेरच्या भिंतीला झरोके का नाहीत आणि प्रत्येक ओवरीचे तोंड आवाराकडेच का, हे या दिनक्रमावरून उलगडते. वास्तूची सारी ठेवणच झडतीसाठी आहे.

स्वयंपाकपाण्याची व्यवस्था भटियारा कुटुंबांकडे असे. भटियारे म्हणजे सराईत राहून प्रवाशांना बाज, सरपण, चारा आणि हवे असल्यास शिजवलेले अन्न पुरवणारे लोक. सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांच्या लेखनात भटियारणीच अधिक दिसतात, कारण खोली झाडून देणे आणि रांधणे हे त्यांच्याकडे होते. हिंदू व्यापारी व ब्राह्मण प्रवासी बहुधा आपले रांधून खात, म्हणून पडवीतल्या चुलीला आणि विहिरीला महत्त्व. हजारो बैलांवर धान्य लादून फौजांना पुरवठा करणारे बंजाऱ्यांचे तांडे तर सराईत येतच नसत. त्यांचा पसारा कोणत्याही आवारात मावणारा नव्हता आणि त्यांना छपरापेक्षा चराईचे रान आणि नदीकाठ हवा असे.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मराठी मुलखात सराई ही बाहेरून आलेली संस्था राहिली. गावोगावच्या वाटसरूची सोय चावडीत, देवळाच्या ओवऱ्यांत, मठात किंवा धर्मशाळेत होई. पाटील शिधा देई, वेशीवरचा येसकर अनोळखी माणसाची वर्दी ठेवी आणि पुढच्या गावापर्यंत वाटाड्या मिळे. ही व्यवस्था गावाच्या वतनी रचनेतून चाले, तिला स्वतंत्र इमारत लागत नसे, आणि जातीच्या उतरंडीप्रमाणे कोणाला ओवरी आणि कोणाला उघडे झाड हेही तीच ठरवी. सराईचा दरवाजा भाडे देणाऱ्या अनोळखी माणसाला उघडा होता, हा तिचा वेगळेपणा. पुण्यार्थ सोय मोठ्या प्रमाणावर झाली ती तीर्थांच्या ठिकाणी. अहिल्याबाई होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि देशभरच्या तीर्थक्षेत्री धर्मशाळा व घाट बांधले, ते याच परंपरेत बसते. औरंगाबाद शहरातच खाम नदीकाठी पाणचक्कीला तिसरा नमुना पाहायला मिळतो. मध्य आशियातून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठात, दूरदेशीचे प्रवासी व दर्वेश उतरत, आणि डोंगराकडून जमिनीखालच्या नळाने आणलेल्या पाण्यावर फिरणाऱ्या चक्कीत त्यांच्यासाठी दळण दळले जाई. हौदाच्या तळालाच छत करून त्याखाली थंडगार दालन काढण्याची तेथील युक्ती फर्दापूरच्या सरळसोट ओवऱ्यांपेक्षा कितीतरी नाजूक आहे. एक वास्तू भक्तांच्या देणग्यांवर सजत गेली, दुसरी हुकमाने एकदाच उभी राहिली.

हुकमाने उभ्या राहिलेल्या वास्तूचे भवितव्यही हुकूमत टिकण्यावरच अवलंबून असते. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. १७२४ नंतर दख्खन निजामुल्मुल्क आसफजाहच्या हाती गेली आणि दिल्लीशी असलेला संबंध नावापुरता उरला. अजिंठा गावाला १७२७ मध्ये तट आणि दरवाजे बांधले गेले ते या आसफजाहने. ज्या घाटमाथ्यावर पूर्वी सराईचा आडोसा पुरेसा वाटत होता, तेथे आता अख्खे गावच तटाआड घ्यावे लागले, यावरून रस्त्याची बदललेली स्थिती समजते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बुऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांकडे गेले, पाठोपाठ निजामाची राजधानी हैदराबादला हलली आणि औरंगाबाद–आग्रा राजरस्त्याचे तुकडे पडले. एकेकाळचा मधला मुक्काम असलेले फर्दापूर आता निजामाच्या मुलखाच्या काठावरचे गाव झाले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने आपल्या जखमींचे इस्पितळ अजिंठ्याच्या तटाच्या आत उघडले. घाटमाथ्यावरच्या आसऱ्याला मिळालेले ते गिऱ्हाईक अगदीच निराळे होते.

त्यानंतर या वाटेने येणाऱ्यांचे कारणच बदलले. मद्रास फौजेतील जॉन स्मिथ याने १८१९ मध्ये वाघूरच्या दरीतली लेणी पाहिली आणि पुढे चित्रकार, पुराणवस्तुसंशोधक, छायाचित्रकार घाटाकडे वळले. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमला गेलेला रॉबर्ट गिल अजिंठा गावातील बारादरीत राहिला. १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी फर्दापूरला तंबू ठोकून चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार आणि हैदराबादहून आलेले सय्यद अहमद होते. तोवर मुंबईहून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातून गेला होता आणि पाहुणे पाचोरा किंवा जळगावला उतरून उत्तरेकडून येऊ लागले होते. त्यांना घाट चढायचा नसे. फर्दापूर हा त्यांच्या प्रवासाचा शेवट असे. साहेबलोकांची सोय डाकबंगल्यात होई. शेकडो माणसांना एका दरवाजात घेणाऱ्या सराईचे काम रेल्वेने १९०० च्या आत संपवले होते. त्याच सुमारास मनमाडहून औरंगाबादेला आगगाडी आली आणि शहरही लोहमार्गाने बाहेरच्या जगाशी जोडले गेले.

लेणी आणि सराई यांच्या शेजारामुळे एका तुलनेचा मोह होतो. अजिंठ्याचे बारावे लेणे हा जुन्या विहारांपैकी एक. मधे चौकोनी दालन आणि तीन बाजूंना बारा खोल्या, प्रत्येकीत दगडात कोरलेले दोन ओटे. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी काढण्यासाठी, भिक्षू तेथे राहत. मधे मोकळी जागा, भोवती तिच्याकडे तोंड करून बसलेल्या एकसारख्या खोल्या आणि बाहेर जाण्याचा एखाददुसराच मार्ग, ही ठेवण सराईतही आहे, आणि दोन्ही वास्तू उत्तर-दक्षिण व्यापाराच्या वाटेला धरून आहेत. यावरून एकीतून दुसरी निघाली असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण सराईचा नमुना इराण आणि मध्य आशियातून आलेला आहे आणि मधे दीड हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. अनोळखी माणसांना एका छताखाली, तरीही वेगवेगळे ठेवायचे असेल तर गवंडी आणि पाथरवट याच उत्तरावर येतात, इतकाच निष्कर्ष काढणे रास्त.

लेण्यांना १९८३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि तेव्हापासून रक्षणाचा सारा विचार दरीभोवती फिरत राहिला. घाट, अजिंठ्याचा तट, दोन्ही गावांतील सराया आणि त्यांना जोडणारी जुनी वाट यांची एकत्र मोजणी करून नकाशे तयार झाले, तर सतराव्या शतकातील राजरस्त्याचा एक पुरा टप्पा अभ्यासाला मिळेल. सुटी सुटी डागडुजी केल्याने तो मिळणार नाही. लेण्यांकडे जाणाऱ्या पर्यटकाला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडून तेथील बसमध्ये बसावे लागते. त्याने परतीच्या वाटेवर तासभर काढून गावातल्या सराईच्या दरवाजातून आत जावे आणि आवाराच्या मध्यभागी उभे राहून चहूबाजूंच्या ओवऱ्या एकदा नीट पाहाव्यात.